मलेशियात 'मलय' कोण? कलम १६०, ओळखपत्र आणि शरिया न्यायालय

सामुद्रधुनी

मलेशियाच्या निवडणुकीवरच्या धाग्यात 'मलय म्हणजे मुसलमानच असतो का' असा प्रश्न आला आणि भलत्याच वादात हरवला. विषय मोठा आहे म्हणून वेगळा धागा काढतोय. अस्मिता, भावना वगैरे नंतर बघू. आधी कायद्याचा मजकूर.

मलेशियाच्या राज्यघटनेत कलम १६०(२) मध्ये 'मलय' या शब्दाची व्याख्याच दिली आहे. जी व्यक्ती इस्लाम धर्म मानते, नेहमीच्या व्यवहारात मलय भाषा बोलते आणि मलय रूढी पाळते ती मलय. तिन्ही अटी 'आणि'ने जोडलेल्या. एक गळाली की संपलं. वर मुळाची अट: ३१ ऑगस्ट १९५७ च्या, म्हणजे स्वातंत्र्याच्या, आधी त्या व्यक्तीचा जन्म मलायात किंवा सिंगापुरात झालेला हवा, किंवा आईवडलांपैकी एकाचा तिथे झालेला हवा, किंवा त्या दिवशी तिचं कायमचं बिऱ्हाड तिथे हवं. नाहीतर ती अशा कुणाची तरी संतान हवी.

आता यात काय नाही ते बघा. वंश नाही. जावातून आलेले, सुलावेसीचे बुगी, सुमात्राचे मिनांगकाबाऊ हे सगळे या चाळणीतून 'मलय' म्हणून बाहेर पडतात. माजी पंतप्रधान महाथीर मोहम्मद यांचे वडलांकडचे पूर्वज केरळचे; घटनेच्या लेखी ते मलयच. उलट मलाक्का शहरात गाजा बेरांग भागात चिट्टी लोक राहतात. सुलतानशाहीच्या काळापासून तिथे रुजलेले, मूळ तमिळ, घरात बोलतात मलय, बायकांचा पारंपरिक पोशाख मलय धाटणीचा. पण शैव हिंदू. ते मलय नाहीत. भाषा आहे, रूढी बऱ्याचशा आहेत, जन्मस्थान आहे, धर्म तेवढा नाही.

हे नुसतं नावापुरतं असतं तर कुणी फिकीर केली नसती. पण कलम १५३ खाली सरकारी नोकऱ्या, शिष्यवृत्त्या आणि परवाने यांत मलय आणि साबा-सारावाक या बोर्निओतल्या राज्यांच्या मूलनिवासींसाठी वाटा राखता येतो. कलम ८९ खाली मलय राखीव जमिनी आहेत. १९९० साली सुरू झालेली 'अमानाह सहाम बुमीपुत्रा' ही गुंतवणूक योजना त्यांच्यासाठीच; बुमीपुत्र म्हणजे मलय आणि हे मूलनिवासी.

माझं म्हणणं असं की अटी कागदावर चार असल्या तरी सरकारने खातं, दप्तर आणि न्यायालय उभं केलंय ते एकाच, धर्माच्या, अटीसाठी. क्वालालंपुरात घरी इंग्रजीच बोलणारी मलय कुटुंबं आहेत. त्यांना कुणी भाषेची परीक्षा द्यायला बोलावत नाही. मतभेद असतील तर मांडा.

तळटीप

छान सुरुवात. इतिहासाचा एक तुकडा जोडतो, कारण ही व्याख्या १९५७ साली आकाशातून पडली नाही.

पहिली ठळक व्याख्या १९१३ च्या मलय राखीव जमीन कायद्यातली. रबराचे भाव चढले होते, शेतकरी जमिनी मळेवाल्यांना विकत होते, चेट्टियार सावकारांकडे गहाण टाकत होते. जमीन 'मलय'बाहेर जाऊ नये असा कायदा करायचा तर मलय कोण ते लिहावं लागतं. त्यांनी लिहिलं: कुठल्याही मलय वंशातली, मलय किंवा त्या कुळातली भाषा बोलणारी आणि मुस्लिम धर्म मानणारी व्यक्ती. म्हणजे तेव्हा वंश होता आणि रूढी नव्हती. १९४८ च्या मलाया संघराज्याच्या करारात वंश गेला, रूढी आली. तीच त्रिसूत्री १९५७ च्या घटनेत मुळाची अट जोडून बसवली.

गंमत म्हणजे जमिनीचे कायदे राज्यांचे, त्यामुळे त्यांच्या व्याख्या अजून वेगवेगळ्या आहेत. केडा आणि पर्लिसमध्ये आईवडलांपैकी एक अरब वंशाचा असला तरी चालतो, बाकी धर्म आणि भाषा जुळली की झालं. एकच माणूस एका राज्यात राखीव जमीन घ्यायला पात्र आणि शेजारच्या राज्यात नाही, असं होऊ शकतं. मलय राखीव जमीन घेणाऱ्याने संघराज्याची घटना दाखवून उपयोग नसतो. त्या राज्याचा कायदा काढावा लागतो.

आणि एक वाट घेतलीच गेली नाही. १९४७ मध्ये पुतेरा आणि एएमसीजेए या दोन आघाड्यांनी मिळून 'जनतेची घटना' नावाचा मसुदा काढला होता. त्यात सगळ्या नागरिकांचं राष्ट्रीयत्व 'मेलायू' म्हणजे मलय असावं आणि या शब्दाला कसलाही धार्मिक अर्थ नसावा, असं साफ लिहिलं होतं. मलय डावे आणि बिगरमलय संघटना दोघांनी मिळून हे मान्य केलं होतं, हे विसरलं जातं. मसुद्याच्या मागण्यांसाठी २० ऑक्टोबर १९४७ ला देशभर हरताळ झाला. ब्रिटिशांनी दाद दिली नाही. वाटाघाटी केल्या त्या सुलतान आणि मलयांच्या उम्नो पक्षाशी.

घटनेचा मसुदा करणाऱ्या रीड आयोगात (१९५६-५७) अलाहाबाद उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायाधीश बी. मलिक होते. आयोगाने इस्लामला संघराज्याचा धर्म करणारं कलम सुचवलं नव्हतं. पाकिस्तानचे न्या. अब्दुल हमीद यांनी वेगळी टिप्पणी लिहून ते मागितलं. मौज अशी की सुरुवातीला खुद्द सुलतानच नाखूश होते, कारण आपापल्या राज्यात धर्माचे प्रमुख तेच. संघराज्याला धर्म मिळाला तर आपल्या हातात काय उरणार? शेवटी कलम ३ आलं, सुलतानांचे अधिकार अबाधित ठेवून.

केवडा

दोघांचेही प्रतिसाद आवडले. पण रोजच्या व्यवहारात हे कळतं कसं? बँकेत, हॉटेलात, लग्नाच्या नोंदणीत कोण घटना उघडून बसतं?

सामुद्रधुनी

घटना नाही, कार्ड. 'मायकॅड' हे ओळखपत्र २००१ पासून आलं. पुढच्या बाजूला नाव, पत्ता, फोटो, बारा आकडी क्रमांक. पहिले सहा आकडे जन्मतारीख (वर्ष, महिना, दिवस), पुढचे दोन जन्मस्थान, शेवटचे चार अनुक्रमाचे. अगदी शेवटचा आकडा विषम असेल तर पुरुष, सम असेल तर स्त्री. उजवीकडे खाली 'वार्गानगारा' म्हणजे नागरिक. आणि धारक मुसलमान असेल तर 'इस्लाम' हा शब्द छापलेला. बाकीच्यांचा धर्म छापत नाहीत, तो फक्त चिपमध्ये.

'मेलायू' असं मात्र कार्डावर कुठेही छापत नाहीत!

धर्म छापण्याचा नियम जुना नाही. नोंदणीच्या नियमांत बदल करून तो १ ऑक्टोबर १९९९ पासून लागू धरला. रमजानात दिवसा उपाहारगृहात बसलेल्याला किंवा 'खल्वत'च्या म्हणजे परक्या स्त्री-पुरुषांच्या एकांताच्या छाप्यात सापडलेल्याला धार्मिक खात्याचे अधिकारी आधी कार्ड मागतात. शब्द असेल तर प्रकरण शरिया न्यायालयात, नसेल तर त्यांचा अधिकारच चालत नाही. त्या न्यायालयांची शिक्षेची कमाल मर्यादा १९६५ च्या केंद्रीय कायद्याने बांधलेली आहे: ३ वर्षं कैद, ५,००० रिंगिट दंड, ६ फटके. तिथले लोक '३-५-६' म्हणतात. केलांतानने १९९३ मध्ये आणि तेरेंगानूने २००२ मध्ये हुदूद म्हणजे शरियातल्या ठरीव कडक शिक्षांचे कायदे मंजूर केले तरी ते अंमलात आले नाहीत, ते या मर्यादेमुळे.

अर्धविराम

कार्डाचा विषय निघालाच आहे तर लिना जॉय खटला सविस्तर लिहिते, कारण सामुद्रधुनी यांच्या मुद्द्याची खरी कसोटी तिथे लागली.

जन्मनाव अझलिना जैलानी, जन्म १९६४, मलय मुस्लिम कुटुंब. १९९८ मध्ये ख्रिस्ती बाप्तिस्मा. तिला ख्रिस्ती माणसाशी लग्न करायचं होतं. बिगरमुस्लिमांची लग्नं १९७६ च्या विवाह कायद्याखाली लागतात आणि तो कायदा मुसलमानांना लागूच होत नाही. म्हणजे कार्डावर 'इस्लाम' असेपर्यंत नोंदणी नाही. नाव बदलायचा अर्ज मंजूर झाला, १९९९ मध्ये नवं कार्डही आलं. त्यावर नाव 'लिना जॉय' आणि खाली 'इस्लाम'! मधल्या काळात नियम बदलला होता ना. तो शब्द काढा म्हणून ती परत गेली, तर नोंदणी खातं म्हणालं, शरिया न्यायालयाकडून धर्म सोडल्याचा आदेश आणा.

इथे ग्यानबाची मेख. कलम ११ म्हणतं की प्रत्येकाला आपला धर्म मानण्याचा अधिकार आहे. पण १९८८ च्या दुरुस्तीने आलेलं कलम १२१(१क) म्हणतं की शरिया न्यायालयाच्या अखत्यारीतल्या बाबतीत दिवाणी उच्च न्यायालयांना अधिकार नाही. बऱ्याच राज्यांच्या कायद्यांत धर्म सोडण्याची तरतूदच नाही. काही ठिकाणी तो गुन्हा आहे. मग अखत्यारी कुणाची? १९९९ च्या सून सिंग खटल्यात संघीय न्यायालयाने (तिथलं सर्वोच्च न्यायालय) सांगितलं होतं की इस्लाममध्ये येण्याची नोंद शरिया यंत्रणा करते, त्याअर्थी बाहेर जाण्याचा निर्णयही अध्याहृतपणे तिचाच.

लिना जॉय २००१ मध्ये उच्च न्यायालयात हरली. तिथल्या न्यायाधीशांनी कलम १६० चाच आधार घेतला: मलय माणूस मरेपर्यंत मुसलमान राहतो. नीट बघा, व्याख्या उलटी वाचली गेली. कलम सांगतं की जो मुसलमान नाही तो या घटनेपुरता मलय नाही. न्यायाधीशांनी वाचलं की जो मलय आहे तो मुसलमानच असला पाहिजे. पहिल्या वाचनात धर्म सोडला तर सवलती जातात. दुसऱ्यात धर्म सोडताच येत नाही. दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे आणि अर्ध्याअधिक चर्चा या फरकाकडे बघतच नाहीत.

२००५ मध्ये अपील फेटाळलं. ३० मे २००७ ला संघीय न्यायालयात २ विरुद्ध १ असा अंतिम निकाल, तिच्या विरोधात. भिन्नमत न्या. रिचर्ड मलांजुम यांचं: नोंदणी खात्याने नियमात नसलेला कागद मागितला, आणि ज्या न्यायालयात जाणं म्हणजे स्वतःवर गुन्हा ओढवून घेणं तिथे जायला सांगणं समानतेच्या कलमात बसत नाही. खंडपीठावरचे एकमेव बिगरमुस्लिम न्यायाधीश तेच होते, हे तेव्हा सगळ्यांनी टिपलं.

नांगर

म्हणजे आत यायला दार आणि बाहेर पडायला भिंत. एकही उदाहरण नाही का बाहेर पडल्याचं?

तळटीप

आहेत. पण ती तीन वेगवेगळ्या खणांत मोडतात. अर्ज चुकीच्या खणात टाकला की वर्षं वाया जातात, म्हणून वेगळे करून लिहितो.

पहिला खण, 'मी मुसलमान कधी नव्हतोच'. उदाहरणार्थ वडील मुस्लिम, आई बौद्ध, लग्न झालेलं नसताना मूल जन्मलं आणि खात्याने मुस्लिम म्हणून नोंदलं. फेब्रुवारी २०२१ मध्ये रोस्लिझा इब्राहिम खटल्यात संघीय न्यायालयाने ठरवलं की हा प्रश्न दिवाणी न्यायालयाचाच. मुळात मुस्लिम नसलेल्यावर शरिया न्यायालयाचा अधिकार कसला? इथे पुरावा लागतो तो आईवडलांच्या विवाहनोंदीचा, किंवा तशी नोंद नसल्याच्या दाखल्यांचा.

दुसरा खण, 'होतो, आता नाही'. हे शरिया न्यायालयात. नेगरी सेंबिलन राज्याच्या २००३ च्या कायद्यात कलम ११९ आहे, त्यात पद्धत लिहिलेली आहे. शरिया उच्च न्यायालयात अर्ज करायचा. न्यायाधीश आधी तौबा करायला सांगतात. ऐकलं नाही तर ९० दिवस सुनावणी तहकूब आणि समुपदेशन. तरीही ठाम असेल तर आणखी मुदत, जास्तीत जास्त एक वर्ष. त्यानंतर घोषणा होऊ शकते. 'होऊ शकते' यावर जोर. जे मंजूर होतात ते बहुतेक मूळचे बिगरमलय, लग्नासाठी धर्मांतर केलेले आणि लग्न मोडलेले. पेनांगच्या शरिया न्यायालयाने मे २००८ मध्ये एका चिनी वंशाच्या बाईला परवानगी दिली; तिने इस्लाम कधी आचरलाच नव्हता, हा मुद्दा निर्णायक ठरला. जन्माने मलय असलेल्याचं उदाहरण दुर्मिळ, आणि सगळ्यात गाजलेलं मृत्यूनंतरचं आहे: जानेवारी २००६ मध्ये सेरेंबानच्या शरिया उच्च न्यायालयाने न्योन्या ताहिर या वृद्धेला निधनानंतर बिगरमुस्लिम ठरवलं. मलय कुळात जन्म, चिनी रीतीने बौद्ध म्हणून अख्खं आयुष्य. मुलांनी साक्षी दिल्या आणि बौद्ध पद्धतीने अंत्यविधी झाला.

तिसरा खण सारावाकचा. तिथे मार्च २०१६ मध्ये कुचिंग उच्च न्यायालयाने बिदायूह या मूलनिवासी जमातीतल्या एका तरुणाला ख्रिस्ती म्हणून नोंदायला सांगितलं. लहानपणी आईवडलांबरोबर त्याचं धर्मांतर झालं होतं, स्वतः निवडलेलं नव्हतं. त्यावरून सारावाकमध्ये वाट मोकळी झाली असं वाटत होतं, पण फेब्रुवारी २०१८ मध्ये संघीय न्यायालयाने दुसऱ्या चार अर्जदारांना शरिया न्यायालयाचाच रस्ता दाखवला.

मुलांच्या बाबतीत मात्र निकाल पक्का आहे. २९ जानेवारी २०१८, इंदिरा गांधी खटला (इपोहच्या बालवाडी शिक्षिका, आपल्या पंतप्रधान नव्हेत). नवऱ्याने २००९ मध्ये स्वतः इस्लाम स्वीकारून तिन्ही मुलांचं परस्पर धर्मांतर केलं होतं. संघीय न्यायालयाने ते रद्द केलं आणि सांगितलं की अल्पवयीन मुलांसाठी आई आणि वडील दोघांची संमती हवी.

केवडा

वाचताना आपल्याकडचा १९५० चा अनुसूचित जातींचा आदेश आठवला. तिथेही धर्म बदलला की दर्जा जातो. महाराष्ट्रात १९५६ नंतर बौद्ध झालेल्यांना केंद्राच्या सवलतींसाठी १९९० पर्यंत थांबावं लागलं. अनुसूचित जमातींना अशी अट नाही.

अर्धविराम

तुलना एका पायरीपर्यंत चालते. भारतात धर्म बदलणं तुमच्या हातात, दर्जा राहतो की जातो ते सरकार ठरवतं. लिना जॉयने तर सांगून टाकलं होतं की आपण आता मलय उरलो नाही, म्हणजे दर्जा सोडायला ती तयारच होती. तो सोडायलाही परवानगी लागते, हा मलेशियातला पेच. अनुसूचित जमातींशी जुळणारं उदाहरण म्हणाल तर तिथले ओरांग आस्ली, म्हणजे द्वीपकल्पातले आदिवासी. १९५४ च्या आदिवासी कायद्यात लिहिलंय की आदिवासीने कुठलाही धर्म स्वीकारला तरी तो आदिवासी राहतो, जर जीवनपद्धती तीच असेल.

पोफळी

तुम्ही सगळे धर्माच्या अटीवर बसलात. मला रूढीच्या अटीबद्दल लिहायचंय, कारण तिथे दोन कलमं एकमेकांच्या अंगावर येतात.

मलय रूढीला 'आदात' म्हणतात. तिच्या दोन शाखा. बहुतेक राज्यांत आदात तेमंगगुंग, पितृसत्ताक. नेगरी सेंबिलनमध्ये मिनांगकाबाऊंनी आणलेली आदात पर्पातिह, मातृवंशी. तिथे १२ सुकू म्हणजे कुळं, कूळ आईकडून मिळतं, लग्नानंतर नवरा बायकोच्या घरी जातो आणि वडिलोपार्जित जमीन मुलींना मिळते. इस्लामी वारसाहक्कात, ज्याला फराइद म्हणतात, मुलाला दोन वाटे आणि मुलीला एक. उघड विरोध.

तोड काढली ती जमीन-नोंदणीत. १९०९ च्या रूढीबद्ध जमीनधारणेच्या कायद्याने रेंबाऊ, कुआला पिलाह, जेलेबू अशा भागांतल्या जुन्या जमिनींच्या उताऱ्यावर 'रूढीची जमीन' असा शेरा मारायला सुरुवात झाली. शेरा असेल तर ती कुळातल्या स्त्रीच्याच नावावर जाते, बाहेर विकता येत नाही. शेरा नसलेली, नवराबायकोने कमावलेली मालमत्ता फराइदप्रमाणे. १९५१ मध्ये रेंबाऊत काही धार्मिक पुढाऱ्यांनी सगळंच फराइदखाली आणायची मागणी केली तेव्हा बायकांनी कडाडून विरोध केला. मागणी मागे पडली. आज अडचण वेगळीच आहे: एका तुकड्यावर कितीतरी बहिणी, मावश्या, भाच्यांची नावं चढलेली आणि कसायला कुणी नाही. जमीन पडून.

दुसरं टोक केलांतान. तिथल्या छायानाट्याचा, म्हणजे वायांग कुलितचा, कणा रामायणाचा. श्रीराम, सीता देवी, महाराजा वाना म्हणजे रावण. दालांग म्हणजे सूत्रधार खेळाआधी नैवेद्य ठेवून मंत्र म्हणत असे. माक योंग हे नृत्यनाट्यही तिथलंच, त्यात मुख्य राजाची भूमिका बाई करते. पास या इस्लामी पक्षाच्या राज्य सरकारने १९९१ मध्ये माक योंगवर बंदी घातली, छायानाट्यावरही बंधनं आणली. २००५ मध्ये युनेस्कोने माक योंगला अमूर्त वारसा म्हणून गौरवलं तेव्हा ते त्याच्या मूळ राज्यात सार्वजनिकरीत्या करता येत नव्हतं. २०१९ मध्ये बंदी उठली पण अटींसह, त्यात मंत्र-नैवेद्य गेले. सामुद्रधुनी, तुमच्या मुद्द्याला याहून चांगला पुरावा मिळणार नाही. घटना म्हणते मलय रूढी पाळा, राज्य सरकार मलय रूढीवर बंदी घालतं, आणि त्यामुळे एकाही माणसाचं मलयपण कमी होत नाही.

नांगर

याचा अर्थ एवढाच की ब्रिटिशांनी १९१३ मध्ये जमिनीच्या भानगडीत धर्म घुसडला आणि तो चिकटला. त्याआधी असं काही नसणार.

पोफळी

नाही, इतकं सगळं साहेबाच्या माथी मारता येणार नाही. ब्रिटिशांनी चालू समजूत कायद्यात बसवली.

तेरेंगानूचा शिलालेख बघा. १८८७ मध्ये कुआला बेरांगजवळ सापडला, जावी म्हणजे अरबी वळणाच्या लिपीतला मलय मजकूर, काळ साधारणपणे इ.स. १३०३ धरतात. कर्ज, व्यभिचार यांबद्दलचे इस्लामी नियम त्यात आहेत, पण ईश्वराला 'देवता मुलिया राया' म्हटलंय. पुढे १५ व्या शतकात मलाक्का बंदर भरभराटीला आलं. सुलतान मुसलमान, व्यापारात गुजराती, तमिळ, अरब मुसलमान, दरबाराची भाषा मलय. मलाक्क्याच्या कायदेसंहितेत एकाच गुन्ह्याला दोन शिक्षा शेजारी शेजारी आहेत: रूढीप्रमाणे ही, अल्लाच्या कायद्याप्रमाणे ती. १५११ मध्ये आल्बुकर्कने मलाक्का घेतलं (आदल्या वर्षी गोवा घेणारा तोच) आणि दरबार जोहोर, पेराककडे पांगला. समोरचा शत्रू ख्रिस्ती असल्यामुळे मलय आणि मुसलमान ही सांगड आणखी घट्ट झाली.

'मासूक मेलायू', शब्दशः 'मलयात शिरणे', हा प्रयोग इस्लाम स्वीकारण्यासाठी सर्रास वापरत. पूर्व सुमात्रात डोंगरातला बाताक किनाऱ्यावर उतरला, मुसलमान झाला आणि कुळाचं आडनाव टाकलं की मलय गणला जाई. सैल, आत यायला सोपी अशी ही सांगड होती. ब्रिटिशांनी तिला नोंदवही दिली, १९८८ च्या दुरुस्तीने कुलूप.

सामुद्रधुनी

पोफळी, '१९८८ ने कुलूप' हे पटलं. मधला दुवा जोडतो. १३ मे १९६९ च्या मलय-चिनी दंगलीनंतर १९७१ मध्ये नवं आर्थिक धोरण आलं, १९९० पर्यंत ३० टक्के भांडवली मालकी बुमीपुत्रांकडे न्यायचं उद्दिष्ट. खेड्यातली मुलं शिष्यवृत्त्या घेऊन शहरात आणि परदेशी विद्यापीठांत गेली, आणि तिथेच सत्तरच्या दशकातली दाव्वा म्हणजे धर्मप्रसाराची चळवळ फोफावली. १९७१ मध्ये स्थापन झालेल्या 'आबिम' या मुस्लिम तरुणांच्या संघटनेचे, पुढे पंतप्रधान झालेले अन्वर इब्राहिम १९८२ मध्ये उम्नोत आले. १९८३ मध्ये इस्लामी बँक आणि आंतरराष्ट्रीय इस्लामी विद्यापीठ. उम्नो आणि पास दोघांनाही तीच मलय मतं हवी, त्यामुळे कोण जास्त इस्लामी अशी चढाओढ. चढाओढीत मागे फिरणं कुणालाच परवडत नाही.

शिवाय 'इस्लाम' म्हणजे तिथे सुन्नी इस्लाम. १९९६ च्या फतव्यापासून शिया पंथाच्या प्रसाराला मनाई आहे. म्हणजे मलय माणूस धर्म न सोडता नुसता पंथ बदलला तरी अडकू शकतो.

अर्धविराम

शेजारी देश बघितले की मलय आणि मुसलमान ही जोडी किती घडवलेली आहे ते दिसतं.

सिंगापूर, घटनेचं कलम ३९क: जो स्वतःला मलय समाजाचा मानतो आणि ज्याला तो समाज सर्वसाधारणपणे आपला मानतो, तो मलय. धर्माचा उल्लेख नाही. २०१७ मध्ये राष्ट्रपतिपद मलय उमेदवारासाठी राखीव होतं. निवडून आलेल्या हलिमा याकोब यांचे वडील भारतीय मुस्लिम, पण समितीने प्रमाणपत्र दिलं. प्रत्यक्षात तिथले ९८ टक्क्यांहून अधिक मलय मुस्लिमच आहेत, तेही कायद्याने बांधलेले नसताना.

ब्रुनेईत 'मलय, इस्लामी, राजेशाही' ही अधिकृत विचारसरणी, तरी १९६१ च्या नागरिकत्व कायद्यात मलय म्हणून सात गट धरलेत आणि त्यात दुसून, मुरुत असे पुष्कळ बिगरमुस्लिम असलेले गटही आहेत. इंडोनेशियात मलय हा शेकडो वांशिक गटांपैकी एक. सवलत नाही, त्यामुळे व्याख्येची निकडही नाही. थायलंडच्या पत्तनी, याला, नराथिवातमध्ये उलटी तऱ्हा: सरकार 'थाई मुस्लिम' म्हणतं, म्हणजे धर्म मान्य पण मलय हा शब्द नको. दक्षिण आफ्रिकेत 'केप मलय' म्हणजे केपटाऊनचे मुसलमान. त्यांच्या पूर्वजांत बंगाल आणि मलबारहून डचांनी नेलेले गुलामही होते, आणि मलय भाषा केव्हाच लुप्त.

केवडा

आता एक व्यवहारातला प्रश्न. सिंगापूर-क्वालालंपुरात नोकरीला असलेली मराठी मुलं-मुली बरीच आहेत. तिथल्या मलय व्यक्तीशी लग्न करायचं तर नेमकं काय होतं आणि कुठे चुकतं?

तळटीप

सिंगापूर वेगळं धरा. तिथे आंतरधर्मीय जोडप्याला दिवाणी विवाह करता येतो. मलेशियापुरतं लिहितो.

मुस्लिम स्त्रीला बिगरमुस्लिम पुरुषाशी लग्न करता येत नाही. पुरुषाला 'किताबिया' म्हणजे ख्रिस्ती किंवा ज्यू स्त्रीशी करता येतं, पण १९८४ च्या संघीय प्रदेशांच्या कायद्यात तिची व्याख्या अशी आहे की ख्रिस्ती असेल तर तिचे पूर्वज पैगंबरांच्या काळाआधीपासून ख्रिस्ती हवेत. हे कोण सिद्ध करणार? तेव्हा धर्मांतर आलंच. वय १८ पूर्ण हवं. राज्याच्या धार्मिक खात्यात किंवा मान्य संस्थेत पासपोर्ट घेऊन जायचं, साक्षीदारांसमोर शहादा, म्हणजे इस्लामवरच्या श्रद्धेचं वचन, म्हणायचा, नोंद होते, दाखला मिळतो. मग विवाहपूर्व शिबिर, एचआयव्ही चाचणी, दूतावासाकडून अविवाहित असल्याचं पत्र आणि ज्या जिल्ह्यात निकाह आहे तिथल्या धार्मिक कार्यालयाची परवानगी. वधू नवमुस्लिम असेल तर बिगरमुस्लिम वडील वली, म्हणजे निकाहात तिच्या बाजूचे पालक, होऊ शकत नाहीत. त्यांच्याऐवजी अधिकृत नेमलेला वली हकीम लागतो, त्याचा अर्ज वेगळा. तो शेवटच्या आठवड्यात आठवला की तारीख पुढे जाते. नाव बदलून 'बिन अब्दुल्ला' करणं सक्तीचं नाही. मूळ नाव ठेवलेलं कागदपत्रांना सोयीचं, कारण भारतीय पासपोर्टशी जुळतं.

भारतात येऊन १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली नोंदणी केली तर ती भारतात चालेल. मलेशियात त्या मुस्लिम जोडीदाराचं लग्न झालेलं धरत नाहीत.

अर्धविराम

आणि धर्मांतर केलं म्हणून कुणी मलय होत नाही, मुळाची अट आड येते. मुलांचं वेगळं: द्वीपकल्पात आईवडलांपैकी एक मलय मुस्लिम असेल तर विद्यापीठ प्रवेशासाठी मूल बुमीपुत्र धरतात.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे घरच्यांना न सांगता धर्मांतर. डिसेंबर २००५ मध्ये एम. मूर्ती वारले, १९९७ च्या मलेशियन एव्हरेस्ट मोहिमेतले जवान. पत्नीला ते हिंदूच माहीत होते. शरिया न्यायालयाने मुस्लिम ठरवलं, त्या सुनावणीत पत्नीला स्थानच नव्हतं. उच्च न्यायालय म्हणालं आम्हाला अधिकार नाही. दफन इस्लामी पद्धतीने झालं.

तळटीप

वारशाचा हिशेबही आधीच करून ठेवावा. समजा नवमुस्लिम पुरुष मागे ४,८०,००० रिंगिट ठेवून गेला. पत्नी आणि एक मुलगी मुस्लिम, भारतातले आईवडील आणि भाऊ हिंदू. फराइदमध्ये बिगरमुस्लिम नातेवाइकांना शून्य. पत्नीला १/८ म्हणजे ६०,०००, मुलीला निम्मे म्हणजे २,४०,०००. उरलेले १,८०,००० राज्याच्या बैतुलमालकडे, म्हणजे मुस्लिम खजिन्याकडे, जाऊ शकतात. आईवडलांसाठी काही ठेवायचं तर मृत्युपत्राने एक तृतीयांशापर्यंत देता येतं, इथे १,६०,००० पर्यंत. त्याहून जास्त द्यायचं किंवा घर बायकोच्याच नावावर करायचं तर हयातीतच 'हिबा' म्हणजे बक्षीसपत्र करावं लागतं. घेणाऱ्याने ते स्वीकारलेलं आणि ताबा दिलेला दिसायला हवा. नुसता सही केलेला कागद कपाटात ठेवला आणि शेवटपर्यंत सगळा ताबा स्वतःकडेच राहिला, की बाकीचे वारस नेमकं तिथेच बोट ठेवतात. घर कर्जावर असेल तर बँकेची संमती आधी, हिबा नंतर.